तपस्व्यापाशी ठेवलेले खड्ग

जर्मनीच्या कायद्यात शस्त्र बाळगण्याच्या क्रियेसाठी जे क्रियापद योजलेले आहे ते 'फ्यूरेन' हे होय, आणि नित्याच्या बोलण्यात त्याचा अर्थ नेणे, हाताला धरून चालवणे, वाट दाखवीत पुढे जाणे असा होतो. अंधाला रस्ता ओलांडून देणारा सज्जन, प्रवाशांना डोंगरवाटेने नेणारा वाटाड्या आणि कमरेला सुरा लावून चाललेला इसम, या तिघांची क्रिया त्या भाषेत एकाच शब्दाने सांगता येते. कायद्याची व्याख्या अर्थातच काटेकोर आहे : आपले राहते घर, आपली धंद्याची जागा, आपले कुंपण घातलेले आवार यांच्या बाहेर ज्याची शस्त्रावर प्रत्यक्ष सत्ता चालते, त्याने ते शस्त्र 'नेले' असे समजावे. त्याच कायद्याच्या ४२अ या कलमाने, १ एप्रिल २००८ पासून, ज्याचे पाते मुठीत कायमचे बसवलेले आहे आणि १२ सेंटिमीटरांहून लांब आहे असा सुरा याप्रमाणे नेण्यास मज्जाव केला. मुभा ठेवली ती धंदा, परंपरागत रूढी, क्रीडा किंवा सर्वमान्य असे एखादे प्रयोजन यांच्यापुरती, आणि जो सुरा कुलूपबंद पेटीतून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावयाचा त्याच्यापुरती. संरक्षणासाठी म्हणून जवळ ठेवला, ही सबब या मुभेत बसत नाही, असाच त्या कलमाचा अर्थ तेथे लावला जातो.

हे कलम मी प्रथम वाचले ते वुपरटाल येथे, माझ्या पुतण्याच्या घरी. त्याला लाकूड कोरण्याचा नाद आहे. रविवारी तो वुप्पर नदीच्या काठच्या रानात जातो, वाऱ्याने पडलेली बर्चची एखादी फांदी उचलतो, ती फोडतो, तासतो आणि संध्याकाळपर्यंत तिचे दोन-तीन चमचे करून घरी आणतो. फांदी फोडण्यासाठी त्याच्याजवळ शेजारच्या सोलिंगेन गावी घडवलेला एक सुरा आहे, त्याचे पाते १४ सेंटिमीटरांचे. घरून निघताना सुरा चामड्याच्या म्यानात, म्यान पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप आणि पेटी पाठपिशवीच्या तळाशी, असा त्याचा बंदोबस्त असतो; आपल्या ठरलेल्या ओंडक्यापाशी पोचल्यावर तो कुलूप काढतो आणि म्यान कमरपट्ट्यात ओवतो. ते कसे ओवावे याचेही त्याच्याजवळ एक शास्त्र आहे. उजव्या कुशीवर उभे लावले तर मूठ चटकन हाती येते, पण ओंडक्यावर बसताच टोक खाली अडते आणि मूठ बरगडीत रुतते. डाव्या बाजूस तिरके लावले तर पोटावरून हात न्यावा लागतो, पण चालताना सुख वाटते. पाठीमागे आडवे लावले तर वाकताना त्रास नाही, मात्र म्यानात परत घालताना पाते डोळ्यांआड असते. आणि चामड्याच्या लांब वादीने मांडीवर लोंबते सोडले, तर बसताना ते आपोआप बाजूला होते, म्हणून उत्तरेकडच्या देशांतले लाकूडतोडे तसेच लावतात. मी त्याला विचारले, की पेटीची ही सारी यातायात केवळ कायद्याच्या धाकाने करतोस की तुलाही त्यात काही तथ्य वाटते? तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "काका, पेटीत असला की मी त्याला विसरतो. कमरेला असला की विसरता येत नाही."

त्याचे हे उत्तर ऐकताना मला वाल्मीकींच्या सीतेची आठवण झाली. आणि ती सीता आपल्या घरोघरी सांगितली जाणारी सीता नव्हे, म्हणून तो प्रसंग येथे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. अरण्यकांडाच्या आरंभी, सुतीक्ष्ण ऋषींचा निरोप घेऊन राम दंडकारण्यात पुढे निघाला असता, ऋषींच्या रक्षणार्थ राक्षसांचा वध करण्याचे वचन त्याने दिले आहे हे जाणून, सीता त्याला वाटेत थांबवते आणि अत्यंत मृदू शब्दांत, पण कोणतीही भीड न ठेवता, एक शंका विचारते. कामनेतून उपजणारी तीन व्यसने आहेत, ती म्हणते : असत्य भाषण, परस्त्रीचा अभिलाष, आणि ज्याच्याशी वैर नाही त्याच्याशी क्रौर्य. पहिली दोन तुझ्या ठायी नाहीत व कधी नसतील. पण तिसऱ्याचे भय मला वाटते, कारण तू हातात धनुष्य घेऊन वनात चालला आहेस. आणि मग ती एक जुनी कथा सांगते. एका पुण्य अरण्यात, जेथे मृग आणि पक्षी निर्भयपणे वावरत होते, एक सत्यवचनी, शुद्ध आचरणाचा तपस्वी राहत होता. त्याच्या तपाला विघ्न करावे म्हणून इंद्र शिपायाचे रूप घेऊन खड्ग हाती धरून आला आणि ते उत्तम खड्ग त्याने तपस्व्यापाशी ठेव म्हणून ठेवले. ठेव जपणे हे कर्तव्य, म्हणून तो तपस्वी फळेमुळे आणावयास कोठेही गेला तरी खड्ग बरोबर घेतल्याशिवाय जाईना. ते नित्य जवळ वागवता वागवता त्याची बुद्धी हळूहळू रौद्र झाली, तपाचा निश्चय सुटला, हिंसेत त्याला रस वाटू लागला, आणि त्या शस्त्राच्या सहवासाने अखेर तो नरकाला गेला.

या कथेतील जी गोष्ट मनाला चटका लावते ती ही, की त्या तपस्व्याने आरंभी एकही अपराध केलेला नाही. त्याला खड्गाचा लोभ नव्हता. कोणाचा द्वेष नव्हता. ते त्याने मागितलेही नव्हते. परक्याची ठेव सांभाळावी, हा जो गृहस्थापासून संन्याशापर्यंत सर्वांना बंधनकारक असा धर्म, तो पाळता पाळता तो अधोगतीला गेला. 'धृ' म्हणजे धरणे, या धातूपासून आपला 'धर्म' शब्द निघाला, आणि 'धारण' हाही त्याच धातूचा. म्हणजे धर्माने त्याला जे धरावयास लावले त्यानेच त्याला धर्मापासून दूर नेले. जर्मन क्रियापदाचा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो : कोण कोणाला नेत होते? खड्गाला हेतू नसतो, वासना नसते, हे खरे. पण ज्याला विसरता येत नाही अशी कोणतीही वस्तू मनाला आपल्याकडे वळवीत राहते, आणि धारेचे वळण एकाच दिशेचे असते.

तरीही सीतेचे म्हणणे जसेच्या तसे सर्वत्र लागू करावे म्हटले तर माझ्या बालपणीची एक आकृती आड येते. कोकणात आमच्या आगरात काम करणारा गडी कमरेच्या मागल्या बाजूस आकडी बांधीत असे, आणि त्या आकडीत त्याचा कोयता, म्यानावाचून, उघड्या धारेने लटकत असे. तो तसाच माडावर चढे, तसाच उतरे, तसाच ओटीच्या पायरीशी बसून पेज पिई, आणि आम्ही पोरे त्याच्या पाठीमागे लगटून चालत असू. तो आमच्या पाहण्यातला सर्वांत शांत माणूस होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पोलाद त्याच्या कमरेला होते आणि त्याची बुद्धी रौद्र झाली नाही. ती का झाली नाही याचे उत्तर मला त्या वयात सुचणे शक्य नव्हते, पण आता वाटते की त्या कोयत्याला काम होते. झावळी तोडावी, नारळ सोलावा, कवाडाची वेल छाटावी, असे दिवसभर त्याचे चालू असे, आणि त्याची धार कामातच खर्ची पडे. तपस्व्याच्या खड्गाला मात्र काहीच काम नव्हते. फळे त्याला हातांनी तोडता येत होती, मुळे काठीने उकरता येत होती. ज्या धारेला काम नाही ती काम शोधू लागते, आणि खड्गाजोगे काम जगात एकच आहे. शिवाय वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो कोयता कमरेवरून उतरे, धुऊनपुसून पाटावर ठेवला जाई, त्याला हळदकुंकू लागे, आणि त्या दिवशी त्याने काही कापावयाचे नसे. एक दिवसापुरता का होईना, तो ज्याचा त्याला परत केला जात असे. इंद्र आपली ठेव परत न्यावयास आल्याचा उल्लेख मात्र त्या कथेत नाही.

ही परत करण्याची गोष्ट मला पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटली. सोलिंगेनच्या ग्रेफराट भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचे संग्रहालय आहे. तेथे प्राचीन खड्गांपासून जेवणाच्या मेजावरील सुरीकाट्यांपर्यंत सर्व काही मांडलेले आहे, आणि ज्या वास्तूत पूर्वी प्रार्थना चालत तिच्यात आता पाती ठेवलेली पाहून प्रथम मनाला थोडा धक्का बसतो. पण ख्रिस्ती मठाचा आणि कमरेच्या सुऱ्याचा संबंध पुरातन आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या भिक्षूंसाठी जी नियमावली लिहिली, जिच्या आधाराने पुढे जर्मन मुलखातील शेकडो मठ चालले, तिच्या ५५ व्या प्रकरणात मठाधिपतीने प्रत्येक भिक्षूला काय काय द्यावे याची यादी आहे : झगा, अंगरखा, पायमोजे, जोडे, कमरपट्टा, सुरी, लेखणी, सुई, रुमाल, लिहिण्याच्या पाट्या. सुरी येथे कमरपट्टा आणि लेखणी यांच्या मध्ये आलेली आहे. आणि २२ व्या प्रकरणात, भिक्षूंनी कसे निजावे हे सांगताना, आज्ञा अशी आहे की त्यांनी कमरपट्टा बांधूनच निजावे, म्हणजे घंटा होताच उठून प्रार्थनेला जाता येईल; परंतु निजताना सुरी कुशीला ठेवू नये, न जाणो झोपेत इजा व्हावयाची.

या साध्या सूचनेपाशी मी फार वेळ रेंगाळलो आहे. नियमाचा कर्ता सुरीला पाप म्हणत नाही. भिक्षूला तिची गरज आहे हे तो जाणतो, आणि ती त्याच्या मालकीची नाही हेही जाणतो, कारण त्या मठात कोणाच्याही मालकीचे काहीच नसते आणि मठाधिपतीने वेळोवेळी बिछाने तपासून खाजगी ठेवा आढळल्यास तो काढून घ्यावा असे ५५ व्या प्रकरणातच सांगितले आहे. तो फक्त एवढेच पाहतो, की ज्या वेळी मनुष्याचा स्वतःवर अंमल नसतो, त्या वेळी धारेवर त्याचा अंमल असेल असे मानू नये. झोप ही अशा अवस्थांपैकी अगदी निरपराध अवस्था. क्रोध, मद्य, जमावात अंगी संचरणारे अवसान, यांतही मनुष्य झोपलेलाच असतो. फक्त त्याचे डोळे उघडे असतात. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना एक नियम आहे, की आजारी नसलेल्या ज्या माणसाच्या हातात शस्त्र आहे त्याला धर्म सांगू नये. नियमाचे शब्द हातापुरते आहेत. कमरेबद्दल तेथे काही म्हटलेले नाही. कमर आणि हात यांच्यामधली ती वीतभर जागा किती महत्त्वाची, हे दोन भिन्न धर्मांच्या, परस्परांना न पाहिलेल्या शास्त्यांनी ओळखले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

राजसत्तेनेही ती जागा मोजण्याचा प्रयत्न केलेला आहे. फ्रीडरिक बार्बारोसा जर्मनांचा राजा झाला त्याच ११५२ साली त्याने देशात शांतता राखण्यासाठी जे फर्मान काढले, त्यात शेतकऱ्याने भाला किंवा तलवार बाळगल्यास ती जप्त करावी अथवा २० शिलिंग दंड घ्यावा असे आहे. आणि त्याच्या लगेच पुढे, धंद्यानिमित्त मुलूखभर फिरणाऱ्या व्यापाऱ्याने आपली तलवार कमरेला न लावता खोगिराला बांधावी किंवा गाडीत ठेवावी असे आहे, हेतू हा, की तिने निरपराध माणसाला इजा होऊ नये आणि दरोडेखोरापासून बचाव मात्र करता यावा. साडेआठशे वर्षांनंतरच्या कुलूपबंद पेटीचा हा पूर्वज होय, आणि माझ्या मते तो आपल्या वंशजाहून अधिक विचारी आहे. पेटीला कुलूप लावणारा कायदा नागरिकाला सांगतो की संरक्षण हे आमचे काम, तुझे नव्हे. ज्या राज्यात हाक मारताच शिपाई येतो तेथे हे म्हणणे योग्यच आहे. बार्बारोसाला तसे म्हणणे शक्य नव्हते. त्याने व्यापाऱ्याकडून फक्त थोडा विलंब मागितला : गाठ सोडण्याइतका, गाडीकडे वळण्याइतका. दरोडेखोर रानातून धावत येतो तेव्हा तेवढा वेळ मिळतो. गुत्त्यात कोणी अपशब्द काढला तर राग शमावयासही बहुधा तेवढाच पुरतो. शेतकऱ्याला जे नाकारले ते व्यापाऱ्याला दिले, हा त्यातला अन्याय झाकण्याचे कारण नाही. पुढच्या काळात जर्मन शेतकऱ्यांनी कमरेला लांब सुरा लावून आपला मार्ग काढला, तो तलवारीइतका लांब असला तरी त्याचे नाव सुरा असे. आणि या सुऱ्याच्या युद्धकलेवर १४८२ च्या सुमारास ज्याने थोर ग्रंथ लिहिला तो योहानेस लेक्युख्नर हेर्त्सोगेनाउराख गावचा पाद्री होता, ही गोष्टही नोंदवण्याजोगी आहे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइके फॉन रेपगौ या सरदाराने सॅक्सन लोकांचा कायदा एकत्र करून लिहिला, 'झाक्सेनश्पीगेल' म्हणजे सॅक्सनांचा आरसा. त्यात एक कलम असे आहे, की धर्मगुरू आणि यहुदी हे राजाच्या नित्य अभयाखाली असल्यामुळे त्यांनी शस्त्र बाळगू नये. बाळगले आणि त्यांच्यावर हल्ला झाला, तर त्यांची भरपाई इतर सामान्य माणसासारखी व्हावी. म्हणजे एक तर अभय अंगावर घ्यावे किंवा शस्त्र कमरेला लावावे. राजाच्या अभयाने यहुद्यांना त्या देशात प्रत्यक्ष किती तारले, याचा इतिहास दारुण आहे, आणि ज्याने शस्त्र खाली ठेवावयास सांगितले त्याच्यावर केवढे ऋण चढते हे त्या इतिहासाहून अधिक स्पष्ट करणारे काही मला ठाऊक नाही. निःशस्त्र होणे हीदेखील एक ठेव आहे. ती प्रजेने राजापाशी ठेवलेली असते.

त्याच ग्रंथाच्या आरंभी दोन खड्गांचा सिद्धान्त आहे : ईश्वराने ख्रिस्ती जगाच्या रक्षणासाठी पृथ्वीवर दोन खड्गे ठेवली, आध्यात्मिक खड्ग पोपपाशी आणि ऐहिक खड्ग सम्राटापाशी. हे वाचले तेव्हा नोकरीनिमित्त नांदेडास काढलेली वर्षे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, कारण दोन खड्गे हा विषय तेथे लहान मुलांनाही ठाऊक असतो. आपले पिते गुरू अर्जुनदेव यांच्या बलिदानानंतर, १६०६ साली, शिखांचे गुरू हरगोबिंद यांनी गादीवर बसताना दोन तलवारी धारण केल्या, एक मीरीची व एक पीरीची, म्हणजे एक राज्याची व एक संतत्वाची. जर्मन सरदाराने ज्या दोन वस्तू दोन पुरुषांना वाटून दिल्या, त्या येथे एकाच कमरेला आल्या. शीख परंपरेत अशी आख्यायिका आहे, की श्रीनगर-गढवाल येथे समर्थ रामदासांची आणि गुरू हरगोबिंदांची भेट झाली असता समर्थांनी त्यांना विचारले, की गुरू नानकांच्या गादीवर बसून तुम्ही शस्त्रे धारण करता आणि घोड्यावर फिरता, हे कसे? आणि गुरूंनी उत्तर दिले की अंतर्यामी संतत्व आहे, बाहेर राजेपण आहे. शस्त्र हे गरिबाच्या रक्षणासाठी आणि जुलमी माणसाच्या पारिपत्यासाठी आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण समर्थांच्या तोंडी जो प्रश्न घातला आहे तो सीतेचाच प्रश्न आहे, आणि सज्जनगडावर ज्या कुबडीत गुप्ती असलेली आपण पाहतो, ती कुबडी टेकून चालणाऱ्या पुरुषाला तो प्रश्न आयुष्यभर सुचला असेल यात मला संशय वाटत नाही.

देणारा कोण, यावर किती गोष्टी अवलंबून असतात हे पाहावयाचे तर जर्मनीच्याच इतिहासातील एका पानाकडे वळावे लागते, आणि ते पान उघडताना हात जड होतो. १९३३ साली हिटलरच्या युवक संघटनेसाठी कमरपट्ट्यात लावावयाचा एक सुरा ठरवण्यात आला. सोलिंगेनच्या कारखान्यांतून तो घडून येत असे. सुरुवातीच्या सुऱ्यांच्या पात्यावर 'रक्त' आणि 'प्रतिष्ठा' असे दोन शब्द कोरलेले असत. १० वर्षांचा मुलगा संघटनेच्या कनिष्ठ शाखेत दाखल होई, धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे आणि काही पाठ म्हणणे अशी परीक्षा देई, आणि ती उतरला म्हणजे हा सुरा कमरेला लावण्याचा अधिकार त्याला मिळे. त्यापूर्वीही जर्मन मुले रानावनांत भटकताना कमरेला सुरा लावीत. भाकरी कापणे, तंबूच्या खुंट्या तासणे, हे त्याचे काम होते, आणि त्या भटकंतीत काही वाईट नव्हते. नव्या राज्याने तीच वस्तू उचलली, तिचे काम काढून घेतले आणि तिच्या जागी प्रतिष्ठा भरली. मी इंद्राच्या रूपाने आलेल्या त्या शिपायाचा विचार करतो तेव्हा मला हे दिसते : दारात गणवेश उभा आहे, तो बालकाच्या हाती एक चकचकीत वस्तू देतो आणि ही जप म्हणतो. बालक ती जपते, रात्री उशाला घेते, आरशापुढे उभे राहून पट्टा नीट करते. रक्त या शब्दाचा अर्थ त्याला अजून कळलेला नसतो. सहा-सात वर्षांनी त्यांतल्याच कित्येकांच्या हाती रणगाडे फोडण्याची हत्यारे देऊन त्यांना बर्लिनच्या रस्त्यांवर मरावयास उभे केले गेले. ठेव परत घ्यावयास येथेही कोणी आले नाही.

आणि २३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्याच सोलिंगेनमध्ये, गावाच्या ६५० व्या वर्धापनाचा उत्सव चालू असता, एका माणसाने धर्माच्या नावाने जमावावर सुरा चालवला. तीन माणसे मेली आणि अनेक जखमी झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी कायदा आणखी कडक झाला : सार्वजनिक उत्सव, जत्रा, बाजार आणि लांब पल्ल्याच्या आगगाड्या यांत, काही अपवाद सोडून, पाते कितीही लहान असले तरी सुरी बाळगण्यास मज्जाव झाला. माझा पुतण्या ज्या कुटुंबाकडून म्यानाचे चामडे घेतो त्यांच्या तीन पिढ्या पात्यांच्याच धंद्यात गेल्या. त्या घरातील वृद्धेने सांगितले, की त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या सुऱ्या खणात उलट्या ठेवल्या होत्या, गावाचे नाव कोरलेली बाजू खाली करून. तिला मी काय उत्तर देणार होतो?

आता जो प्रश्न उरतो तो मला सर्वांत कठीण वाटतो. बेनेडिक्टचा भिक्षू सुरी रात्री काढून ठेवतो. व्यापारी तलवार खोगिराला बांधतो. गडी कोयता नवमीला उतरवतो. पुतण्या कुलूप लावतो. या सर्वांवरून मी मनाशी असे ठरवले होते की ज्याला धार उतरवता येते त्यालाच ती लावण्याचा अधिकार आहे. परंतु अमृत घेतलेला शीख कृपाण उतरवीत नाही. कापडी पट्ट्यातून, ज्याला गात्रा म्हणतात, ती खांद्यावरून तिरकी कमरेशी येते, आणि निजतानाही ती अंगावरच असते. १६९९ साली आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसाला जे पाच ककार, म्हणजे नित्य अंगावर बाळगावयाच्या पाच वस्तू, दिले त्यांत ती आहे. आणि ते स्वतः १७०८ साली नांदेड येथे मारेकऱ्याने केलेल्या वाराच्या जखमेने गेले, त्यांची शस्त्रे आजही तेथील सचखंड गुरुद्वारात ठेवलेली आहेत. सीतेच्या कथेप्रमाणे पाहिले तर नित्य शस्त्रसहवासाचे याहून पूर्ण उदाहरण नाही. तरी नांदेडच्या रस्त्यांवर मी कितीतरी वर्षे त्या माणसांत वावरलो, त्यांच्या लंगरात जेवलो, आणि ज्या वृद्धांच्या कुशीला आयुष्यभर पोलाद होते त्यांचे डोळे मी पाहिलेले आहेत.

मला वाटते, वाल्मीकींनी त्या तपस्व्याविषयी जे सांगितले नाही तेथे याचा उलगडा आहे. तपस्व्याने खड्ग स्वीकारले, पण त्या खड्गाविषयी त्याने कोणतेही व्रत घेतले नाही. ते कशासाठी उपसावयाचे नाही, हे त्याने कधी ठरवले नाही, कारण उपसण्याचा विचारच त्याच्या मनात नव्हता. निष्पाप माणसाचा हा दोष असतो. गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबास लिहिलेल्या फारसी पत्रात, दुसरा प्रत्येक उपाय खुंटल्यावरच खड्गाला हात घालणे न्याय्य, असा जो विचार मांडला आहे, तो कृपाणाच्या भोवती दुसऱ्या म्यानासारखा आहे, आणि पहिले म्यान उतरवले तरी हे उतरत नाही. रामाने सीतेला दिलेले उत्तरही याच जातीचे होते : आर्ताचा आक्रोश उठू नये म्हणून क्षत्रिय धनुष्य धारण करतात, हे तूच म्हणाली आहेस, आणि मी ऋषींना शब्द दिला आहे. त्याने आपले धनुष्य शब्दाने बांधले. तरीही सीतेची शंका त्यामुळे निकालात निघाली असे मी मानत नाही, आणि रामानेही मानले नसावे, कारण तिच्या बोलण्याने आपण संतुष्ट झालो, प्रेम नसलेल्याला कोणी असे सांगत नाही, असे तो तिला म्हणतो. जर्मन कायद्यातील 'सर्वमान्य प्रयोजन' या शब्दांपाशी मी म्हणूनच अडतो. सर्वांना मान्य म्हणजे कोणाला? फांदी फोडणे हे त्या देशात सर्वांना कळते. व्रत हे प्रयोजन ज्याला कळावे त्याच्या मनात व्रत या गोष्टीविषयी आधीच काही जागा असावी लागते, आणि ती कोणत्याही कलमाने निर्माण होत नाही.

गेल्या वर्षी पुतण्याबरोबर फ्रांकफुर्टला गेलो असता आम्ही तेथील गुरुद्वारात गेलो. सुरा अर्थातच घरी होता. अरदास, म्हणजे प्रार्थना, संपली, तेव्हा सेवेकऱ्याने झाकलेल्या परातीवरचे वस्त्र दूर केले, म्यानातून कृपाण काढली आणि कडाह प्रसादाच्या गरम, तुपाळ राशीतून तिचे पाते एकदा हळूच ओढले, आणि पुसून पुन्हा म्यानात घातले. त्या पात्याने केलेले एवढेच काम मी आजवर पाहिले आहे, नांदेडला आणि येथे. मग आम्ही रांगेत बसलो. प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावयाचा असतो. माझ्या शेजारचा तरुण, ज्याच्या सदऱ्याखाली गात्र्याची रेघ स्पष्ट दिसत होती, ओंजळ पसरून वाट पाहत होता, आणि त्याच्या पलीकडे माझा पुतण्या, लाकडाच्या ढलप्यांनी चरे पडलेले आपले दोन्ही तळहात जोडून.